रिकॉल बाकी असलेली जुनी 'लक्झरी' गाडी: चालवू की उभी करू?

पूर्वद्रुतगती (६ जुलै, रात्री ११:४२)

नमस्कार मंडळी.

फेब्रुवारीत एक जुनी गाडी घेतली. लक्झरी कॉम्पॅक्ट एसयूव्ही म्हणतात ती. २०१८ची, पेट्रोल, ४१ हजार किलोमीटर, पहिला मालक वाळकेश्वरचा. मधल्या साइजच्या नव्या एसयूव्हीला जेवढे मोजावे लागले असते त्याहून कमी पैशांत मिळाली. बॉनेटवरचा बिल्ला बघून आमच्या मुलुंडच्या सोसायटीतले चौथ्या मजल्यावरचे काका अकरा वर्षांत पहिल्यांदा माझ्याशी आपणहून बोलले. म्हणजे पैसे तसे वसूल आहेत.

कंपनीचं नाव लिहीत नाही. आपला इथला नियम ठाऊक आहेच: स्वतःचं रडगाणं बिननावाने, जगजाहीर गोष्टी नावासकट.

तर मुद्दा. परवा पावसामुळे घरी होतो, सहज कंपनीच्या साइटवर चासी नंबर टाकला. लाल अक्षरांत आलं: एक रिकॉल प्रलंबित. म्हणजे दोष दुरुस्त करायला कंपनीने ज्या गाड्या परत बोलावल्यात, त्यात माझीही आहे. इंजिनाकडे पेट्रोल नेणाऱ्या पाइपच्या जोडणीतून गळती होऊ शकते, जवळच्या सर्व्हिस सेंटरशी संपर्क साधा. जाहीर होऊन दोन वर्षं झालीत! विकणाऱ्या दुकानाने दीडशे-दोनशे मुद्द्यांची तपासणी केल्याचा रंगीत कागद दिला होता, त्यात सीटवरच्या डागाचा उल्लेख आहे. याचा नाही.

सर्व्हिस सेंटरला फोन केला. "सर, पार्ट मागवावा लागेल, दहा-बारा दिवस. तोपर्यंत वापरा, काही प्रॉब्लेम नाही." नक्की ना, विचारलं. तर म्हणतो, "सर, वास आला तर नका वापरू."

रोज मुलुंड ते लोअर परळ जातो. चालवू की नको? आणि रिकॉल निघालेली गाडी म्हणजे मुळातच भंगार घेतली का मी? बायकोला अजून सांगितलेलं नाही.

खड्डेश्वर

"वास आला तर नका वापरू." सिलिंडर पोचवणारा पोऱ्यासुद्धा याहून काळजीने बोलतो.

टिचकी

काकांना सांगितलंत का? बिल्ल्याची इज्जत जाईल.

विकूनटाका

कडू बोलतो, राग नसावा. या गाड्या नव्या घ्यायच्या, वॉरंटी संपायच्या आत विकायच्या. वाळकेश्वरच्या माणसाला हे कळलं म्हणून तो वाळकेश्वरला राहतो. जुनी लक्झरी गाडी म्हणजे दारात बांधलेला हत्ती. घ्यायला परवडतो, चारा परवडत नाही. त्यात कंपनी स्वतःच म्हणतेय की आमच्याकडून चूक झालीय. आणखी काय पुरावा हवा? विकून टाका.

स्पॅनर_दादा

विकूनटाका, तुमचं नाव आणि सल्ला गेली सहा वर्षं एकच आहे. फ्रिजच्या धाग्यावरही हेच लिहिलं होतंत.

पूर्वद्रुतगती, मी चौदा वर्षं दोन वेगवेगळ्या महागड्या ब्रँडांच्या सर्व्हिसमध्ये काढली, आता साकीनाक्याला स्वतःचं गॅरेज आहे. नीट सांगतो.

रिकॉल निघाला म्हणजे गाडी भंगार, हे डोक्यातून काढा. मारुतीने जुलै २०२० मध्ये इंधन पंपासाठी वॅगन आर आणि बलेनो मिळून १,३४,८८५ गाड्या बोलावल्या होत्या. त्या सगळ्या आज रस्त्यावर पळताहेत, तुमच्यापुढे सिग्नलला उभ्या असतात. रिकॉल न काढणारी कंपनी चांगली असं काही नसतं. उलट मला तिचीच भीती वाटते. कारण दुसरा एक प्रकार असतो, त्याला आम्ही आत 'कॅम्पेन' म्हणायचो. दोष सुरक्षेचा नाही असं ठरवायचं, जाहीर काही करायचं नाही, गाडी सर्व्हिसला आली की गुपचूप पार्ट बदलायचा किंवा सॉफ्टवेअर टाकायचं. मालकाला जॉब कार्डवर एक न कळणारी ओळ दिसते, बिल शून्य. बाहेरच्या गॅरेजला जाणाऱ्याला मात्र हे कधीच मिळत नाही.

आता चालवू की नको. सूचनेची भाषा वाचा. काही रिकॉल स्पष्ट सांगतात की गाडी हलवूच नका. मर्सिडीजने २०२२ मध्ये एमएल, जीएल आणि आर-क्लासच्या २००४ ते २०१५ मधल्या जवळपास दहा लाख गाड्या बोलावल्या, ब्रेक बूस्टरवरच्या रबरी आवरणाखाली ओल साचून गंज धरत होता म्हणून. तेव्हा तपासणी होईपर्यंत गाडी चालवू नका असं सांगितलं होतं. मारुतीनेही जानेवारी २०२३ मध्ये एअरबॅग कंट्रोलरसाठी १७,३६२ गाड्या बोलावताना पार्ट बदलेपर्यंत गाडी न चालवण्याचाच सल्ला दिला होता. तुमच्या सूचनेत 'संपर्क साधा' एवढंच आहे, म्हणजे कंपनीच्या मते धोका त्या पायरीचा नाही.

पण पेट्रोल आहे हो. आणि तुमचं इंजिन थेट सिलिंडरमध्ये फवारा मारणारं आहे. टाकीतून येणाऱ्या बाजूला पाच-सहा बारचा दाब, पुढच्या पंपानंतर दोनशेच्या आसपास. एवढ्या दाबाला थेंब गळत नाही, तुषार उडतात, तेही तापलेल्या इंजिनाच्या शेजारी.

म्हणून एक खरं सांगा. वास कधी आलाय का? रात्रभर गाडी उभी असेल, सकाळी सुरू केल्यावर पहिल्या दोन मिनिटांत?

पूर्वद्रुतगती

दादा, तुम्ही विचारलंत म्हणून आठवलं आणि पोटात गोळा आला.

आमची गाडी पोडियमखालच्या पार्किंगमध्ये, जनरेटरच्या खोलीला लागून. गेल्या आठवड्यात वॉचमन मामा म्हणाले, "साहेब, तुमच्या गाडीपाशी रॉकेलचा वास मारतो सकाळचा." मी म्हटलं, मामा, जनरेटरचं डिझेल असेल. ते म्हणाले, "डिझेलचा वास मला कळतो, वीस वर्षं जनरेटर चालवतोय." मी हसून निघून गेलो.

स्पॅनर_दादा

गाडी चालवू नका.

सेल्फ मारून बघायलासुद्धा जाऊ नका. सकाळी कंपनीच्या रोडसाइड मदतीला फोन करा, फ्लॅटबेडवर, म्हणजे गाडी आख्खी पाठीवर घेणाऱ्या ट्रकवर, उचलायला सांगा. सर्व्हिस सेंटरला ईमेल करा: रिकॉल अमुक, चासी नंबर तमुक, पेट्रोलचा वास येतो आहे. 'वास येतो' हे लेखी गेलं की त्यांचा सूर बदलतो. फोनवर बोलाल तर दहा-बारा दिवस, ईमेलवर बघा काय होतं ते. शिवाय पार्किंग बंदिस्त आहे. वर माणसं राहतात.

आणि मामांची माफी मागा.

खड्डेश्वर

मामांना तपासणीचं सर्टिफिकेट द्यायला ठेवा. दोनशे मुद्दे नकोत, एक नाक पुरे.

न्यूजर्सीकर

इथे अमेरिकेत रिकॉल जाहीर झाल्यावर कंपनीला साठ दिवसांच्या आत प्रत्येक नोंदणीकृत मालकाला पत्र पाठवावं लागतं. गाडी तिसऱ्या हातात असली तरी राज्याच्या नोंदणीवरून पत्ता काढतात. मला माझ्या जुन्या गाडीच्या टकाटा एअरबॅगचं पत्र इतक्या वेळा आलं की पोस्टमन ओळखीचा झाला.

भारतात पहिल्या मालकाच्या पत्त्यावर, फोनवर कळवतात. तो फोन वाळकेश्वरला वाजला असणार आणि त्या गृहस्थांनी "गाडी विकली" म्हणून ठेवून दिला असणार. जुनी गाडी घेतलीत की आरसीची प्रत देऊन कंपनीच्या दप्तरात आपलं नाव-नंबर बदलून घ्या. हे कोणी करत नाही.

माहीमची_मावशी

टकाटा म्हणजे काय ते आम्हा अडाण्यांसाठी कोणी सांगेल का? नाव एखाद्या मिठाईसारखं आहे.

न्यूजर्सीकर

मावशी, जपानी कंपनी. एअरबॅग फुगवणाऱ्या डबीत अमोनियम नायट्रेट वापरायची. वर्षानुवर्षं उष्णता आणि दमटपणा लागला की ते बिघडतं आणि अपघातात हवं त्यापेक्षा जास्त जोराने पेटतं. मग डबीच फुटते आणि धातूचे तुकडे चेहऱ्याकडे येतात. जीव वाचवायची वस्तूच जीव घेते. माणसं गेली. एकट्या अमेरिकेत सुमारे ६ कोटी ७० लाख डब्या बदलायला काढल्या, इतका मोठा रिकॉल तिथे आधी कधी झाला नव्हता. कंपनीने जून २०१७ मध्ये दिवाळं काढलं. फ्लोरिडासारख्या दमट, गरम भागांतल्या गाड्या आधी बोलावल्या होत्या.

माहीमची_मावशी

दमट आणि गरम? मग आपलं माहीम काय काश्मीरला आहे का?

स्पॅनर_दादा

मावशीने बरोबर बोट ठेवलं. भारतातही होंडासकट काही कंपन्यांनी त्यासाठी गाड्या बोलावल्या. २०१५ च्या आगेमागेची कुठलीही गाडी घेताय, मग बिल्ला कोणताही असो, चासी नंबर टाकून बघायला दोन मिनिटं लागतात. सतरा अक्षरी असतो, आरसीवर छापलेला आणि काचेतून डॅशबोर्डच्या कोपऱ्यातही बहुतेक वेळा दिसतो. म्हणजे गाडी बघायला गेलात तरी विकणाऱ्याला न विचारता फोटो काढता येतो.

कोथिंबीर_फुकट

माझीही तक्रार जोडते, सुरक्षेची आहे की नाही ते तुम्ही ठरवा. घाटकोपर ते बीकेसी, रोज. गाडी याच वर्गातली, दुसऱ्या ब्रँडची, दुहेरी क्लचवाला ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. सांताक्रूझ-चेंबूर लिंक रोडवर संध्याकाळी सहाला गाडी मुंगीच्या पावलाने सरकते. वीस मिनिटांनी सुरू होतं: ब्रेक सोडला की आधी काहीच नाही, मग धक्का. जणू मागून कोणी ढकललं. कुर्ल्याच्या चढावर तर एकदा मागे घसरली आणि मागच्या रिक्षावाल्याने माझ्या सात पिढ्यांची विचारपूस केली.

सर्व्हिसवाले म्हणाले, "मॅडम, सगळ्या गाड्यांना असंच असतं, तुमचा पाय सेट नाही." अठरा वर्षं गाडी चालवतेय मी.

स्पॅनर_दादा

पाय सेट नाही! आम्ही पण हेच सांगायचो, कबूल करतो. शिकवलेलंच असायचं.

ताई, आधी तुमचा क्लच कोरडा की ओला (म्हणजे तेलात फिरणारा) ते बघा. कोरडा असेल तर मुंबईची ट्रॅफिक त्याचा काळ आहे, दर दहा फुटांना अर्धा क्लच घासला जातो, तापतो, कंट्रोलर गडबडतो. फोक्सवॅगन समूहाने २०१३ मध्ये ७-स्पीड कोरड्या क्लचच्या गिअरबॉक्सपायी जगभरात सोळा लाखांच्या आसपास गाड्या बोलावल्या होत्या, आतलं तेल बदलायला. इलेक्ट्रॉनिक भागात बिघाड होऊन गाडीची ओढच जाऊ शकत होती. तुमच्या गाडीचा ब्रँड वेगळा असेल, पण तत्त्व तेच.

रेंगाळत सरकू नका. पुढे एक गाडीची जागा होऊ द्या, मग एकदाच सरका. रिक्षा घुसेल, घुसू दे. आणि क्लच अडॅप्टेशन, म्हणजे कंट्रोलरला क्लचची ओळख नव्याने करून देणं, परत करून मागा, हे शब्द वापरून मागा.

खड्डेश्वर

बीकेसीला एक गाडीची जागा होऊ द्यायची? त्यात दोन रिक्षा, एक झोमॅटो आणि एक लग्नाची वरात बसेल.

शिवाजीपार्क_आजोबा

सगळं वाचलं. करमणूक झाली.

माझ्याकडे १९७९ ते १९९८ एकच प्रीमियर पद्मिनी होती, कुर्ल्याच्या कारखान्यातली. ती पावसात बंद पडली की डिस्ट्रिब्युटरची टोपी काढायची, रुमालाने पुसायची, परत लावायची. उन्हाळ्यात पेट्रोल पंप तापून बंद पडला की त्यावर ओलं फडकं. खंडाळ्याच्या घाटात आमच्या हिने स्वतःच्या पाण्याच्या बाटलीतलं पाणी त्या पंपाला पाजलंय. रिकॉल वगैरे काही नव्हतं. दोष होते, पण ते आपल्या हातात होते. आता बॉनेट उघडलं की प्लॅस्टिकचं झाकण, त्याखाली आणखी एक झाकण.

स्पॅनर_दादा

आजोबा, दंडवत. पण तिला पट्टे नव्हते, एअरबॅग नव्हती, आणि स्टिअरिंगचा दांडा सरळ छातीकडे रोखलेला. रिकॉल नव्हता कारण विचारणारंच कोणी नव्हतं. आपल्याकडे वाहन उत्पादकांच्या संघटनेने, म्हणजे सियामने, ऐच्छिक रिकॉलची संहिता आणली तीच मुळी जुलै २०१२ मध्ये.

शिवाजीपार्क_आजोबा

मान्य. पण ओलं फडकं तर फुकट होतं.

अंधेरी_सबवे

रिकॉलच्या नादात मुंबईतल्या खऱ्या दुखण्यांकडे कोणी बघत नाहीये. या गाड्यांची मोठी बिलं पावसात निघतात आणि ती कंपनीवर ढकलता येत नाहीत.

माझा किस्सा. छपराएवढा मोठा सनरूफ, घेताना पोरं खूश. दुसऱ्या पावसाळ्यात शेजारच्या सीटपुढची मॅट ओली. मला वाटलं छत्री. मग एसीचं पाणी असेल. ऑगस्टमध्ये गाडी डाव्या वळणावर 'खळखळ' वाजायला लागली, अक्षरशः, घागर हिंदकळल्यासारखी. मॅट उचलली तर खालच्या फोममध्ये चार बोटं पाणी. त्या पाण्याशेजारी एक कंट्रोल युनिट. बिल विचारू नका.

कारण काय? सनरूफच्या चारही कोपऱ्यांतून पाणी वाहून नेणाऱ्या बारीक नळ्या असतात. आमची गाडी सोनमोहराखाली उभी असते. मेकॅनिकने पुढची नळी साफ करताना पिवळ्या पाकळ्यांचा काळा लगदा काढला. वर त्यातून एक इवलंसं रोप उगवलेलं! बायको म्हणाली, कुंडीत लाव, सव्वा लाखाचं आहे.

तर मे महिन्यात सनरूफ उघडा, कोपऱ्यातल्या भोकात अर्धा ग्लास पाणी हळू ओता, चाकाजवळ खाली पडतं का बघा. तुंबलं असेल तर गवत कापायच्या यंत्राची नायलॉन दोरी घालून मोकळं करा. हवेचा जोरदार फवारा मारू देऊ नका, नळी आतल्या आत सांध्यातून निघते आणि मग पाणी छताच्या कापडातून येतं.

टिचकी

नावाला जागलात. तुमच्यात पाणी साचणारच.

अंधेरी_सबवे

हा हा. त्या नावामागेही एक इंजिन आहे. सबवेत पाणी होतं, पुढची बस गेली म्हणून मीही घातली. मधोमध बंद पडली. मी परत सेल्फ मारला. तिथेच चुकलो. सिलिंडरमध्ये पाणी गेलं की ते दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. विमा होता, पण इंजिनाच्या संरक्षणाचं जोडकलम घेतलं नव्हतं. तीन-चार हजार वाचवले होते. ती आधीची गाडी. २००५ च्या २६ जुलैला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पडला त्यात ज्यांच्या गाड्या गेल्या, त्यांनाही मी हेच सांगताना ऐकलं होतं. तरी मारलाच सेल्फ.

पुणेरी_टोमणा

आमच्याकडे असे प्रश्न येत नाहीत. आम्ही पाणी बघूनच गाडीतून उतरतो.

खड्डेश्वर

आणि दुपारी एक ते चार उतरतही नाही.

डिझेल_डोंबिवली

अवांतर, पण विचारतो. माझी बीएस-६ डिझेल आहे, याच वर्गातली. दर दोन महिन्यांनी डीपीएफचा, म्हणजे धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरचा, दिवा. डोंबिवली-ऐरोली रोज, वेग सरासरी गोगलगाय. तेलाची पातळी वाढते असंही मेकॅनिक म्हणाला. वाढते कशी? मी तर काही ओतलं नाही!

स्पॅनर_दादा

फिल्टरमधली काजळी जाळायला गाडी जादा डिझेल फवारते. मोकळ्या रस्त्यावर पंधरा-वीस मिनिटं एका वेगाने गेलात तर जळतं. मध्येच सिग्नल आला, घर आलं, गाडी बंद केलीत, तर ते डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली तेलात उतरतं. तेल पातळ होतं, बेअरिंग आणि चेन झिजते. पातळी वाढली म्हणून आनंद मानू नका, तेल लवकर बदला. आणि शहरातच फिरायचं असेल तर डिझेल घेऊ नका, हे मी ओरडून सांगतो, पण ऐकतं कोण.

डिझेल_डोंबिवली

गेल्या रविवारी अटल सेतूवर नेली. अडीचशे रुपये टोल भरून काजळी जाळली. दिवा गेला. बायको म्हणाली, अलिबागला तरी जाऊ या आता आलोच आहोत तर. एकूण खर्च साडेसहा हजार.

माहीमची_मावशी

माझ्या भाच्याच्या गाडीची वायर उंदरांनी खाल्ली होती, तर कंपनी म्हणाली वॉरंटीत बसत नाही. उंदीर रिकॉल करता येतात का?

टिचकी

पालिकेकडे. मूषक विभाग आहे खरंच.

विकूनटाका

हसा. पण बघा, चार माणसांनी चार दुखणी सांगितली, चारही महागड्या गाड्यांची. मी काय वेगळं म्हणत होतो?

कोथिंबीर_फुकट

ही दुखणी सांगितली ती ज्यांना झाली त्यांनी. ज्यांची गाडी निमूट चालते ते कशाला या धाग्यावर येतील? दवाखान्यात बसून सगळं शहर आजारी आहे म्हणण्यासारखं आहे हे.

विकूनटाका

बरं, हा मुद्दा चांगला होता. तरी विकून टाका.

वकीलीण_बाई

उशिरा आले. कायद्याचं थोडक्यात.

मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम ११०-अ आलं आणि त्याखालचे नियम १ एप्रिल २०२१ पासून लागू झाले. पुरेशा मालकांनी सरकारी पोर्टलवर तक्रार केली तर चौकशी होऊन सरकार कंपनीला गाड्या बोलवायला लावू शकतं, दंड दहा लाखांपासून एक कोटीपर्यंत. पण हे सात वर्षांपर्यंतच्या गाड्यांना. तुमची २०१८ची काठावर किंवा पलीकडे. मात्र तुमच्या बाबतीत कंपनीने आपणहून रिकॉल काढलाय, त्यामुळे त्याची गरजच नाही. दुरुस्ती फुकट व्हायला हवी, तुम्ही दुसरे मालक असलात तरी.

आता विकणारा. गाडी खाजगी माणसाकडून घेतली असती तर ग्राहक आयोगाचा रस्ता जवळपास बंद होता. तुम्ही दुकानातून घेतलीत, तपासणीचा कागद आहे, तो जपून ठेवा. मोजलेली किंमत पन्नास लाखांच्या आत म्हणजे जिल्हा आयोग, मुदत दोन वर्षं. आधी १९१५ वर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला नोंद करा, बरेच लोक तिथेच नरमतात.

आणि तो वास. आग लागली असती आणि "वॉचमनने आठवडाभर आधी सांगितलं होतं" हे बाहेर आलं असतं, तर विमा कंपनीने तुम्हाला कोणते प्रश्न विचारले असते याचा विचार करा.

पूर्वद्रुतगती

बाई, रात्रीची झोप उडवलीत.

स्पॅनर_दादा

उडू दे. दक्षिण कोरियात २०१८ मध्ये बीएमडब्ल्यूच्या डिझेल गाड्यांना आगी लागायला लागल्या. धूर परत फिरवणाऱ्या भागाच्या कूलरमधून कूलंट झिरपायचं, काजळीत मिसळून साचायचं आणि गरम धुराने पेटायचं. एक लाखावर गाड्या बोलावल्या. तपासणीला न आलेल्या वीसेक हजार गाड्यांना सरकारने ऑगस्टमध्ये रस्त्यावर यायलाच बंदी केली. यातलं आपल्या कामाचं काय? दोष कारखान्याचा होता, पण बंदी आली ती तपासायला न गेलेल्यांवर.

आणि बिल्ल्याचं दडपण घेऊ नका, सगळे या रांगेत आहेत. मर्सिडीजने २०१७ मध्ये दहा लाखांवर गाड्या बोलावल्या, त्यात जीएलए पण: स्टिअरिंगमधली तार तुटलेली असेल आणि अर्थिंग पुरेसं नसेल तर स्थिर विजेच्या ठिणगीने एअरबॅग उगाच उघडू शकत होती. व्होल्वोने २०२० मध्ये एक्ससी ४० सकट सात लाखांवर गाड्या आपोआप ब्रेक लावणाऱ्या यंत्रणेच्या सॉफ्टवेअरसाठी. बीएमडब्ल्यूने सप्टेंबर २०२४ मध्ये पंधरा लाख गाड्या, कॉन्टिनेंटलच्या ब्रेक यंत्रणेपायी, त्यात एक्स१ आणि एक्स२ होत्या. सुरक्षेसाठी नाव काढलेल्या व्होल्वोचीसुद्धा सुटका नाही, तर तुमच्या पाइपचं काय घेऊन बसलात.

खड्डेश्वर

दादा, एवढं वाचून मी उद्यापासून लोकलने जातो. तिला रिकॉल नाही, मेगाब्लॉक आहे.

पूर्वद्रुतगती (१८ जुलै, रात्री १०:१५)

अपडेट देतो, थोडा उशीर झाला.

७ तारखेला सकाळी ईमेल पाठवला, दादांनी सांगितलेली वाक्यं जशीच्या तशी. पावणेदोन तासांत फोन. तोच माणूस, पण आवाज वेगळा. दुपारी फ्लॅटबेड आला. पोडियमच्या उतारावर गाडी चढवताना सगळी सोसायटी गॅलरीत. चौथ्या मजल्यावरचे काका खाली आले आणि म्हणाले, "अरेरे, हप्ता थकला का?"

पार्ट दहा-बारा दिवसांनी येणार होता, तो चौथ्या दिवशी आला. कुठून आला देव जाणे. एक पैसा घेतला नाही, फ्लॅटबेडचाही नाही. मी जुना तुकडा बघायला मागितला. आधी "परत पाठवावा लागतो सर" झालं, मग आतल्या मेकॅनिकने कपड्यात गुंडाळून आणला. अंगठ्याएवढी जोडणी. वरून एकदम नवी. त्याने ती दोन बोटांत धरून हलकी वाकवली, तेव्हा कडेला केसाएवढी रेघ उघडली आणि परत मिटली. म्हणाला, "इंजिन गार असताना रेघ उघडी, तापलं की फुगून बंद. म्हणून तुम्हाला चालवताना कधी वास आला नसेल." सकाळी गाडी गार असतानाच का यायचा, ते तेव्हा कळलं. आणि त्या वेळी गाडीपाशी मी नसायचो, मामा गाडी पुसायला असायचे.

कंपनीत माझं नाव-नंबर नोंदवून घेतला. १९१५ वर तक्रार टाकली, दुकानाचा मॅनेजर आता मला 'सर' म्हणतो, पुढचं बाई सांगतील तसं. बायकोला सांगावं लागलंच, फ्लॅटबेड तिनेच आधी पाहिला.

माहीमची_मावशी

आणि मामा?

पूर्वद्रुतगती

मावशी, गाडी आणली त्या दिवशी त्यांच्याकडे पेढे घेऊन गेलो, माफी मागितली. ते काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी खाली आलो तर बॉनेटला नाक लावून उभे होते. मला बघून म्हणाले, "आता नाही येत. पण तळमजल्यावरच्या डॉक्टरांच्या गाडीला येतो."

स्पॅनर_दादा

डॉक्टरांचा चासी नंबर घ्या.